पाटीवरचा क्रमांक आणि भिंतीवरचे प्रमाणपत्र

पुणतांबा हे गोदाकाठचे गाव बाहेरच्यांना दोन-तीन कारणांनी ठाऊक आहे. चांगदेव महाराजांची समाधी, दौंड-मनमाड मार्गावर शिर्डीकडे फाटा फुटणारे रेल्वे जंक्शन आणि 1 जून 2017 ला इथून पेटलेला शेतकऱ्यांचा संप. घरात कुणी आजारी पडले की मात्र पुणतांब्याचा माणूस महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावकऱ्यासारखाच धावतो. आधी गावातला दवाखाना. उतार पडला नाही तर श्रीरामपूर, कोपरगाव किंवा राहाता. त्याही पुढे गेले तर शिर्डी संस्थानचे रुग्णालय, नाहीतर लोणीचे प्रवरा. या प्रत्येक दारात त्याला एक पाटी दिसते. तिच्यावर नाव, पदव्यांची अक्षरे आणि कुठेतरी खाली, बारीक टायपात, एक क्रमांक. आत गेल्यावर भिंतीवर फ्रेम केलेली चार-पाच प्रमाणपत्रे. रुग्णाच्या लेखी हे सगळे मिळून एकच: डॉक्टर ‘सरकारमान्य’ आहेत.

कायद्याच्या लेखी मात्र त्या भिंतीवर निरनिराळ्या गोष्टी टांगलेल्या असतात. पदवी विद्यापीठाची. नोंदणी परिषदेची, आणि व्यवसायाचा परवाना म्हणजे हीच नोंदणी. सभासदत्व संघटनेचे, ते ऐच्छिक असते आणि त्याने रुग्ण तपासायचा कसलाही अधिकार मिळत नाही. खाटा असतील तर नर्सिंग होमची नोंदणी, सोनोग्राफी यंत्र असेल तर त्या केंद्राची नोंदणी, जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी. यांतल्या परवाना आणि सभासदत्व या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की रुग्णाचे नुकसान होते, आणि प्रामाणिक डॉक्टराचेही. तालुक्याच्या पातळीवर ही सरमिसळ रोजची आहे. म्हणून हा आढावा.

क्रमांकापासूनच सुरुवात करू. पाटीवरच्या क्रमांकात आधी साल, मग महिना, मग अनुक्रम असे तिरप्या रेघांनी तोडलेले आकडे असतील, तर ती बहुधा महाराष्ट्र वैद्यक परिषदेची, म्हणजे एमबीबीएस किंवा त्यावरच्या डॉक्टरांची नोंदणी. ‘आय’ने सुरू होऊन ‘ए’ने संपणारा क्रमांक असेल, तर ती भारतीय चिकित्सा पद्धतीच्या परिषदेची, म्हणजे बीएएमएस वगैरे आयुर्वेद पदवीधरांची. होमिओपॅथीची परिषद तिसरी. या तीन परिषदा, तीन कायदे आणि तीन नोंदवह्या एका दिवसात झाल्या नाहीत. त्यांच्यामागे शंभर वर्षांचे भांडण आहे, आणि ते भांडण समजल्याशिवाय आजच्या नियमांचा अर्थ लागत नाही.

मुंबई इलाख्यात 1912 साली वैद्यक नोंदणीचा पहिला कायदा झाला. तो फक्त पाश्चात्त्य वैद्यकाच्या पदवीधरांसाठी होता. वैद्य आणि हकीम त्याच्या बाहेर राहिलेच, पण जे आत होते त्यांनी बाहेरच्यांशी संबंध ठेवू नयेत अशीही अपेक्षा होती. डॉ. पोपट प्रभुराम वैद्य हे मुंबईचे एलएमअँडएस झालेले डॉक्टर. आयुर्वेदाच्या महाविद्यालयाशी त्यांचा संबंध होता, या कारणासाठी परिषदेने त्यांचे नाव नोंदवहीतून कमी केले. देशभरातल्या वैद्यमंडळींत त्याचा मोठा संताप झाला. त्याच दशकात, 1917 साली, वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी अहमदनगरला आयुर्वेद महाविद्यालय सुरू केले. म्हणजे ज्या कामासाठी मुंबईत एका डॉक्टरचे नाव कमी होत होते, तेच काम आपल्या जिल्ह्याच्या गावी उघडपणे उभे राहत होते. आज उत्तर नगर जिल्ह्यातल्या कितीतरी दवाखान्यांच्या मुळाशी हा इतिहास आहे.

पुढे 1938 साली, बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, मुंबई प्रांताने वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा वेगळा कायदा केला. त्यातली एक सोय महत्त्वाची होती. शिक्षण घेतलेल्यांसाठी नोंदवही, आणि पदवी नसली तरी वर्षानुवर्षे व्यवसाय करणाऱ्यांसाठी वेगळी यादी. गावच्या पिढीजात वैद्याला एका रात्रीत गुन्हेगार न ठरवता त्याला कायद्याच्या कक्षेत आणायचे, आणि नव्यांना मात्र शिक्षणाची अट घालायची, असा तो समंजस मार्ग होता. त्या कायद्याची जागा महाराष्ट्रात 1961 च्या वैद्यक व्यवसायी अधिनियमाने घेतली. होमिओपॅथीचा कायदा 1959 चा आणि वैद्यक परिषदेचा 1965 चा. केंद्रात 1956 चा वैद्यक परिषद कायदा जाऊन 2019 च्या कायद्याने राष्ट्रीय वैद्यक आयोग आला. आयुर्वेद व होमिओपॅथीसाठी 2020 मध्ये स्वतंत्र आयोगांचे कायदे झाले. राज्यातली नोंदणी मात्र राज्याच्या परिषदांकडेच आहे.

आता खरी गुंतागुंत. खेड्यात ‘सुई’ देणारा, सलाईन लावणारा डॉक्टर बहुतेकदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. त्याला ही औषधे वापरायची परवानगी आहे का? आयुर्वेदाच्या बाबतीत 1961 च्या कायद्याखाली राज्याने अधिसूचना काढल्या आणि ठरावीक पदव्यांच्या नोंदणीकृत वैद्यांना त्यांच्या प्रशिक्षणाच्या मर्यादेत आधुनिक औषधांची मुभा दिली. मुख्तियार चंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1998 साली सांगितले की राज्याच्या कायद्याने असा अधिकार दिलेला असेल तरच तो ग्राह्य. म्हणजे पदवी एकच असली तरी राज्याची हद्द ओलांडली की अधिकार बदलू शकतो. होमिओपॅथीला ही वाट नव्हती. 2014 मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम (सीसीएमपी) पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथांसाठी दार किलकिले केले. अ‍ॅलोपॅथी डॉक्टरांची संघटना, इंडियन मेडिकल असोसिएशन (आयएमए), न्यायालयात गेली. 2025 च्या जूनअखेर वैद्यक परिषदेने या डॉक्टरांची वेगळी नोंद सुरू करायचे जाहीर केले, जुलैत ते थांबले, सप्टेंबरमध्ये शासनाने पुन्हा आदेश दिला आणि 18 सप्टेंबरला राज्यातल्या डॉक्टरांनी एक दिवसाचा संप केला. त्याआधी 2020 मध्ये आयुर्वेदाच्या पदव्युत्तर वैद्यांना काही शस्त्रक्रियांची परवानगी मिळाली तेव्हाही 11 डिसेंबरला असाच संप झाला होता.

या वादात दोन्ही बाजूंचे म्हणणे मोठ्या आवाजात ऐकू येते. रुग्णाचे म्हणणे ऐकायचे तर पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल हा 1996 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचावा. मुंबईतल्या एका माणसाला ताप आला. होमिओपॅथीची पदविका असलेल्या डॉक्टरने आधी विषाणुजन्य ताप म्हणून आणि नंतर टायफॉइड म्हणून अ‍ॅलोपॅथीची औषधे दिली. प्रकृती ढासळत गेली, नर्सिंग होममध्ये हलवले, मग हिंदुजा रुग्णालयात नेले आणि तिथे तो दगावला. न्यायालयाने म्हटले की ज्या पद्धतीची नोंदणी आणि शिक्षण नाही त्या पद्धतीने उपचार करणे हाच निष्काळजीपणा. तो वेगळा सिद्ध करावा लागत नाही. विधवेला तीन लाख रुपये भरपाई मिळाली. नोंदणीचा क्रमांक हा कागदी सोपस्कार नाही, हे याहून स्पष्ट कुणी सांगितलेले नाही.

परवान्याची बाजू ही अशी. आता संघटनेकडे वळू.

इंडियन मेडिकल असोसिएशनची स्थापना 1928 ची, कलकत्त्याच्या परिषदेतली. त्याआधी मुंबईच्या डॉक्टरांनी 1883 मध्येच बॉम्बे मेडिकल युनियन काढली होती. आयएमएचे सभासदत्व आधुनिक वैद्यकाची नोंदणी असलेल्यालाच मिळते, ते स्थानिक शाखेमार्फत घेतले जाते, आणि वर्गणीचा वाटा शाखा, राज्य आणि मुख्यालय असा विभागला जातो. आयुर्वेद पदवीधरांची ‘निमा’ वेगळी, होमिओपॅथांच्या संघटना वेगळ्या. पण तालुक्याच्या गावी आणखी एक प्रकार आढळतो: सर्व पॅथींच्या डॉक्टरांची मिळून ‘डॉक्टर्स असोसिएशन’. कुणाच्या दवाखान्यावर हल्ला झाला तर तहसीलदारांना निवेदन द्यायला हीच पुढे, आरोग्य शिबिर भरवायला हीच, आणि नवा डॉक्टर गावात आला की चहाला बोलावणारीही हीच. माझ्या मते पुणतांब्यासारख्या गावाच्या दृष्टीने खरी महत्त्वाची संघटना ती आहे, आणि नेमके तिच्याच नियमांबद्दल सर्वांत कमी लिहिले-बोलले जाते.

सभासदत्व ऐच्छिक असले तरी त्याला कायद्याचा हलका स्पर्श आहे. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेत डॉक्टरने व्यवसायाच्या उन्नतीसाठी अ‍ॅलोपॅथीच्या संघटनांत सामील व्हावे, असे एक कलम आहे. त्याच्याच पुढच्या कलमात पाच वर्षांत किमान 30 तासांचे सातत्यपूर्ण शिक्षण सांगितले आहे, आणि महाराष्ट्रात परिषदेचे नोंदणी-नूतनीकरण या गुणांशी बांधलेले आहे. ही व्याख्याने, चर्चासत्रे भरवतात कोण? बहुतांशी संघटनाच. म्हणजे परवाना टिकवायचे गुण ज्या सभागृहात मिळतात, त्याच्या दारावर संघटना उभी असते. परिषद त्या कार्यक्रमाला मान्यता देते, निरीक्षक पाठवते, हे ठीक आहे. तरीही बिगरसभासद डॉक्टरला त्याच शुल्कात, त्याच खुर्चीवर बसता आले पाहिजे. एका खेड्यात एकटा दवाखाना चालवणाऱ्याला ही सोय शहरातल्यापेक्षा जास्त लागते.

संघटनेच्या हाती नकळत परवान्याची ताकद गेली तर काय होते, याचा सर्वांत बोलका दाखला अमेरिकेतला आहे. वॉशिंग्टन शहरात 1937 साली सरकारी नोकरांनी वर्गणी काढून ‘ग्रुप हेल्थ असोसिएशन’ नावाची आरोग्य सहकारी संस्था उभी केली आणि पगारी डॉक्टर नेमले. तिथल्या स्थानिक वैद्यक सोसायटीला हे रुचले नाही. तिने या डॉक्टरांवर शिस्तभंगाची कारवाई केली, त्यांच्याशी सल्लामसलत करू नये असे इतरांना बजावले आणि शहरातल्या रुग्णालयांची दारे त्यांना बंद होतील असे पाहिले. कायद्याने त्यांचा परवाना शाबूत होता. व्यवहारात तो निकामी झाला. 1943 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक सोसायटी आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशन या दोघांची शिक्षा कायम केली. त्याच देशात कृष्णवर्णीय डॉक्टरांना स्थानिक सोसायट्या सभासद करून घेत नसत, म्हणून त्यांनी 1895 मध्ये स्वतःची राष्ट्रीय संघटना काढली. मूळ संघटनेने या वागणुकीबद्दल माफी मागितली ती 2008 साली. सहकाराचे बाळकडू प्यायलेल्या प्रवरेच्या टापूत ही वॉशिंग्टनची कथा मुद्दाम सांगावीशी वाटते. उद्या एखाद्या दूध संघाने किंवा पतसंस्थेने आपल्या सभासदांसाठी पगारी डॉक्टर नेमला, तर तालुक्याची संघटना कशी वागेल हे आज कुणी विचारलेले नाही.

आपल्याकडे डॉक्टरांच्या नव्हे, पण त्यांच्या शेजारच्या व्यवसायात असा निकाल लागलेला आहे. गोव्यात औषध विक्रेत्यांच्या संघटनेची परवानगी असल्याशिवाय कंपन्यांनी नवा स्टॉकिस्ट नेमू नये अशी प्रथा होती. वार्का ड्रगिस्ट या पेढीने तक्रार केली आणि 2012 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने ही प्रथा बेकायदा ठरवून संघटनेला दोन लाखांचा दंड केला. ‘एनओसी’ हा शब्द आपल्या ओठांवर इतका बसला आहे की ती मागायचा अधिकार कुणाला, हे कुणी तपासत नाही. नव्या डॉक्टरला दवाखाना थाटायला परिषदेची नोंदणी लागते. संघटनेची एनओसी लागत नाही. कुणी मागत असेल तर ती आणू नये आणि ‘ही मागणी लेखी द्या’ असे सांगावे. असे सांगताच ती मागणी बहुधा विरून जाते.

सभासदाला काढून टाकायचे असेल तर? इथे आपल्याच सीमाभागातला, बेळगावचा दाखला हाताशी आहे. बेळगावच्या ‘लॉज व्हिक्टोरिया’ या फ्रीमेसन मंडळाने टी. पी. डावर या सभासदाला काढले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1962 च्या निकालात न्यायालयाने सांगितले की संस्थेचे नियम म्हणजे सभासदांमधला करार. काढून टाकताना ते नियम काटेकोरपणे पाळले पाहिजेत, आरोप सांगितला पाहिजे, म्हणणे मांडायची संधी दिली पाहिजे. एवढे सद्हेतूने केले असेल तर न्यायालय ढवळाढवळ करणार नाही. डावर यांचे अपील फेटाळले गेले. तत्त्व मात्र आजही प्रत्येक संस्थेला लागू आहे, तालुक्याच्या डॉक्टरांच्या संघटनेलाही.

अडचण अशी की नियम पाळायचे तर ते आधी हवेत. महाराष्ट्रात संस्था नोंदणी अधिनियम 1860 खाली नोंदलेली संस्था 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही येते. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात घटना व नियमावली दाखल होते, कार्यकारिणी बदलली की कलम 22 प्रमाणे फेरफार अर्ज करावा लागतो, हिशेब तपासून घ्यावे लागतात. हा चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षे दिलाच नाही, असे कितीतरी संस्थांत होते. मग कागदावर जुनीच मंडळी पदाधिकारी राहतात आणि प्रत्यक्षात भलतेच सही करतात. अशा संघटनेने एखाद्या डॉक्टरला काढले किंवा प्रवेश नाकारला, तर त्या ठरावाला आधार काय? नियमावलीचा नमुना कुणाचा तरी उतरवून घेतलेला असतो आणि त्यात सभासद कोण होऊ शकतो हे कलम मोघम असते: ‘वैद्यकीय व्यवसाय करणारी कोणतीही व्यक्ती’. बोगस डॉक्टर आत शिरतो तो याच वाक्यातून. तिथे ‘तीनपैकी एका राज्य परिषदेची चालू नोंदणी असलेली व्यक्ती’ एवढा बदल केला आणि दरवर्षी नूतनीकरणाची प्रत मागितली, तर अर्धे काम होते.

बोगस डॉक्टरांबद्दलचा कायदा कमजोर नाही. 1961 च्या अधिनियमाचे कलम 33 नोंदणी नसताना व्यवसाय करणाऱ्याला तुरुंगवासाची शिक्षा सांगते. राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याचे कलम 34 एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगते. शोध समित्याही आहेत. तरी मूळव्याध-भगंदराच्या पाट्या, इलेक्ट्रोपॅथीची प्रमाणपत्रे आणि ‘आरएमपी’ ही तीन अक्षरे बाजाराच्या गावी दिसतात. दवाखान्याची झडती घेण्याआधी समिती येत असल्याची खबर पोहोचते, हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक असते.

यातली मोठी फट अशी, की नुसत्या ओपीडीच्या दवाखान्याला, जागा म्हणून, परवानाच लागत नाही. 1949 चा नर्सिंग होम नोंदणी कायदा खाटा असलेल्या ठिकाणांना लागू आहे. त्याच्या 2021 मधल्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणे बंधनकारक केले. केंद्राचा 2010 चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. म्हणजे मोठ्या रुग्णालयाच्या दारात सनद, आणि पुणतांब्यासारख्या गावातल्या एका खोलीच्या दवाखान्यावर डॉक्टरची वैयक्तिक नोंदणी आणि कचऱ्याची परवानगी सोडली तर दुसरी कसलीही तपासणी नाही. खेड्यातला रुग्ण जिथे सर्वांत आधी जातो, तिथेच राज्याचे लक्ष सर्वांत कमी.

परवान्याचा आग्रह धरताना एक गोष्ट विसरता येत नाही. याच जिल्ह्यात, जामखेडला, रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले आणि त्यांनी गावांचे आरोग्य पालटले. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाल्यास अँटिबायोटिकचे इंजेक्शन द्यायला शिकवले, 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी घटला होता. या बायकांपाशी कुठल्याही परिषदेचा क्रमांक नव्हता. मग त्या आणि बोगस डॉक्टर यांत फरक कोणता? त्यांना काय करायचे आणि काय करायचे नाही हे लिहून दिलेले होते, त्यांच्या कामाची मोजदाद होत होती, आणि वर जबाबदार डॉक्टर उभा होता. 2019 च्या कायद्यातल्या कलम 32 ने मर्यादित परवान्याच्या ‘सामुदायिक आरोग्य सेवक’ या वर्गाची तरतूद केली आहे. संघटनांनी तिला सरसकट विरोध केला. मला तो विरोध पटत नाही. ज्या मर्यादा लिहिलेल्या आणि तपासल्या जातात त्या खेड्याला हव्या आहेत. आज तिथे मर्यादा अलिखित आहेत आणि तपासणी नाही.

संघटनेने करावे असे, राज्याला कधीच जमणार नाही असे, एक काम आहे: आपल्यातल्यांना आवरणे. कट प्रॅक्टिसबद्दल बोलायला नको म्हणून सगळे गप्प बसतात, पण गावातून शहरात रुग्ण धाडला की चिठ्ठीमागे टक्केवारी जाते हे लोक उघड बोलतात. 2017 मध्ये राज्याने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा केला; माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित समितीवर होते. तो कायदा झाला नाही. आचारसंहितेत औषध कंपन्यांकडून भेटवस्तू घेण्यावर बंदी आहे, ती आधी डॉक्टर आणि त्यांच्या संघटना अशा दोघांना होती. 2016 मध्ये त्यातून संघटनांचा उल्लेख वगळला गेला. तेव्हापासून संघटनेच्या अधिवेशनाचा खर्च कोण करतो, हे विचारायला कायद्याचा आधार उरलेला नाही. म्हणून तो प्रश्न सभासदांनीच वार्षिक सभेत विचारायला हवा.

ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलवर आज बारा सदस्यांपैकी सहा डॉक्टर नसलेले नागरिक असतात. तालुक्याच्या संघटनेला इतके करायची गरज नाही. तक्रार निवारणाच्या तीन माणसांत एक निवृत्त शिक्षक किंवा एखादी आशाताई घेतली तरी पुष्कळ. ज्या गावाने एका संपाची हाक राज्यभर पोहोचवली, त्या गावातून हा आग्रह धरणे अवघड नाही.

तालुक्यातल्या डॉक्टरांच्या संघटनांना विनंती एवढीच, की सभासदांची यादी परिषद आणि नोंदणी क्रमांकासह ग्रामपंचायतीत आणि आरोग्य केंद्रात लावावी, आणि घटना व नियमावली कुणालाही वाचायला द्यावी. वाचकांनी आपला हक्क वापरावा. आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरने नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पावतीवर लिहिलाच पाहिजे, आणि मागितल्यावर 72 तासांत उपचाराची कागदपत्रे दिली पाहिजेत. एमबीबीएस डॉक्टरचा क्रमांक महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. तक्रार करायची तर ज्या परिषदेचा क्रमांक, तिच्याकडेच करायची. क्रमांकच नसेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.